महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

'महाबळेश्वरला बर्फवृष्टी, वेण्णा तलाव गोठला!' दर हिवाळ्यात पांढऱ्या गवताच्या फोटोसह हा मेसेज फिरतो. फोटो बऱ्याचदा खरा असतो, पण तो बर्फवृष्टीचा नसतो. ते गोठलेलं दव असतं.

बर्फ ढगात तयार होतो आणि खाली पडतो. त्यासाठी ढगापासून जमिनीजवळपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास लागते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर. आपल्याकडे हिवाळ्यातही शून्य अंशाची हवा त्याच्या बरीच वर, साधारण चार किलोमीटरवर असते.

मग गवत पांढरं कसं होतं? आकाश निरभ्र आणि वारा शांत असला की रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. थंड हवा जड, ती वेण्णा तलाव, लिंगमळ्यासारख्या सखल भागात साचते. गवत, गाड्यांचे टप, स्ट्रॉबेरीची पानं भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावरचं दव गोठतं. हवेचं तापमान माणसाच्या उंचीएवढ्यावर, सावलीत मोजतात. म्हणून बातमीत पारा सहा अंशांवर आणि गवतावर हिमकण, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी ही पहाट नुकसानीची असते, हे मात्र त्या मेसेजमध्ये कधीच नसतं.

फोटो आला की झाडाखाली बघा. दव उघड्यावरच गोठतं. दाट फांद्यांखालचं गवत बहुधा हिरवंच राहतं. आदल्या रात्री आकाश निरभ्र होतं का, हेही विचारा. ढगच नसतील तर बर्फ पडणार कुठून? फोटो मार्च-एप्रिलचा असेल, तर बहुतेक गारपीट.