यकृतदाह विषाणूंची जनुकीय प्रकारनिश्चिती

हेपटायटिस (यकृतदाह) विषाणूच्या जनुकसंचातील ठरावीक भागाचा न्यूक्लिओटाइडक्रम (जनुकीय घटकांचा क्रम) पाहून त्याचा प्रकार व उपप्रकार ठरविण्याची प्रयोगशालेय पद्धती. हेपटायटिस ‘बी’चे ए ते एच आणि ‘सी’चे १ ते ८ प्रकार मान्य आहेत. भारतात ‘बी’मध्ये डी व ए, ‘सी’मध्ये ३ व १, तर माणसांतील ‘ई’मध्ये १ हे प्रकार प्रामुख्याने आढळतात.

सीमारेषेचा वाद : १९८८ मध्ये ओकामोतो व सहकाऱ्यांनी सुमारे ३,२०० न्यूक्लिओटाइडांच्या संपूर्ण जनुकसंचात ८ टक्क्यांहून अधिक फरक हा निकष लावून ‘बी’चे चार प्रकार पाडले. पुढे ही मर्यादा साधारण ७.५ टक्के धरली जाऊ लागली. व्हिएतनाम, लाओस व ईशान्य भारतात आढळलेला ‘बी’चा ‘आय’ प्रकार या मर्यादेच्या काठावर असून तो ए, सी व जी यांच्या पुनःसंयोगातून (जनुकतुकड्यांच्या सरमिसळीतून) आला असावा. त्यामुळे त्याच्या स्वतंत्र दर्जाविषयी एकमत नाही. ‘जे’ तर जपानमधील एकाच रुग्णावरून सुचविला गेला. दोहोंचा उल्लेख ‘प्रस्तावित’ असा करणेच इष्ट.

नमुना : रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. हेपॅरिन हे दुसरे गोठणरोधक पीसीआरमधील (जनुकतुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेतील) पॉलिमरेज विकराला (एन्झाइमला) रोखते, म्हणून त्याची नळी चालत नाही. ‘सी’साठी सहा तासांच्या आत रक्तद्रव वेगळे करून −७० अंश से. खाली ठेवणे उत्तम. मराठवाड्यात हाच कच्चा दुवा ठरतो. किनवट किंवा उमरग्याहून मे महिन्याच्या उन्हात निघालेला नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता पाठविला, की विषाणूचे आरएनए (जनुकद्रव्य) विघटित होते. भारनियमनात फ्रीझर वितळून पुन्हा गोठला, तरी विषाणूभार घटतो. मग पीसीआरनंतर जेलवर दिसणारी पट्टी फिकी येते किंवा येतच नाही.

कृती : ‘सी’साठी प्रचलित स्तंभपद्धतीत (गाळणस्तंभातून जनुकद्रव्य वेगळे करण्याच्या पद्धतीत) १४० मायक्रोलिटर रक्तद्रवातून आरएनए काढून ६० मायक्रोलिटर द्रावणात घेतात, व्युत्क्रम प्रतिलेखनाने त्याचा डीएनए करून पीसीआर करतात. भार कमी असल्यास दोन फेऱ्यांची नेस्टेड पीसीआर लागते. मात्र पहिल्या फेरीची नळी उघडताना उडणारे सूक्ष्म तुषार शेजारचे नमुने दूषित करतात. म्हणून खोल्या व पिपेट वेगळे ठेवतात आणि प्रत्येक खेपेस विषाणूरहित नियंत्रक नमुना चालवतात. तो धन (पॉझिटिव्ह) आला, तर संपूर्ण खेप रद्द.

‘सी’मध्ये जनुकसंचाच्या सुरुवातीचा अननुवादित (प्रथिन न घडविणारा) भाग पीसीआरमध्ये सहज वाढतो, पण तो इतका स्थिर असतो, की १ए व १बी यांत, किंवा ६च्या काही उपप्रकारांत व १मध्ये गल्लत होते. त्यामुळे कोअर किंवा एनएस५बी या प्रथिन घडविणाऱ्या भागाचे क्रमनिर्धारण अधिक विश्वसनीय. २के/१बी हा पुनःसंयोगित विषाणू मात्र सुरुवातीच्या भागात २ व एनएस५बीत १ दिसतो. तेथे दोन्ही टोके वाचावी लागतात. क्रमनिर्धारणाच्या आलेखात एकाच जागी दोन रंगांची शिखरे अनेक ठिकाणी दिसली, तर मिश्र संसर्ग किंवा दूषितीकरण समजून मूळ नमुन्यापासून पुन्हा सुरुवात करतात. कागदी पट्टीवरील व्युत्क्रम संकरण (पट्टीवर बसवलेल्या ज्ञात तुकड्यांशी नमुना जुळतो का ते पाहणे) जलद होते, परंतु नवा उपप्रकार त्यात ओळखू येत नाही.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात सर्व प्रकारांवर चालणारी औषधे आल्याने ‘सी’च्या साध्या रुग्णात प्रकार पाहणे अनिवार्य राहिले नाही, सिऱ्होसिस (यकृत कठीण होणे) किंवा आधीचे उपचार फसले असल्यास त्याचा उपयोग होतो.

‘ए’ व ‘ई’ : हे दूषित पाण्यातून पसरतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत रिकाम्या जलवाहिनीत सांडपाणी शिरते. साथीत मलाचा नमुना आजाराच्या सुरुवातीलाच घ्यावा. ‘ए’साठी जनुकसंचातील व्हीपी१ व २ए या भागांच्या सांध्याचा सुमारे १६८ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा वाचण्याचा प्रघात आहे.