तबकडीच्या पोटातलं डिजिटल

अमेरिकेत 2022 साली सुमारे 4 कोटी 10 लाख एलपी, म्हणजे विनाइलच्या तबकड्या, विकल्या गेल्या आणि 3 कोटी 30 लाख सीडी. नगांच्या हिशेबात तबकडीने सीडीला मागे टाकलं, असं 1987 नंतर पहिल्यांदाच घडलं. पैशांच्या हिशेबात ते 2020 मध्येच होऊन गेलं होतं. अर्थात त्या देशातल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नातला 84 टक्क्यांच्या आसपासचा वाटा स्ट्रीमिंगचा होता, तेव्हा 'तबकडी परत आली' हे जरा बेतानेच म्हणायला हवं. 2022 च्याच जुलैत मात्र एक प्रकरण उघडकीला आलं आणि 'तबकडी विरुद्ध डिजिटल' या वादाची जुनी मांडणी त्यात मोडून पडली. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

लाखेच्या 78 गतीच्या तबकड्यांचा काळ इथे फक्त ओलांडू. साडेतीन मिनिटांत राग बसवायची कसरत, शेवटी गायिकेने स्वतःचं नाव सांगणं, हे वाचकांना ठाऊक आहे. 1948 मध्ये विनाइलची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी एलपी आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि विलंबित ख्यालाला पाय पसरायला जागा झाली. 1982 मध्ये जपानमध्ये सीडी विक्रीला आली. आपल्याकडे त्या सुमारास कॅसेटने बाजार काबीज केला होता, त्यामुळे एलपी मागे पडली ती सीडीपेक्षा कॅसेटमुळे.

'तबकडीचा आवाज उबदार' असं जे म्हटलं जातं, त्याला तांत्रिक कारणं आहेत आणि ती सगळीच तबकडीच्या बाजूची नाहीत. खाच कापताना खर्ज मुद्दाम दाबावा लागतो, तार भाग उचलावा लागतो आणि वाजवताना अँप्लिफायरने ते उलटं करून पूर्ववत करायचं असतं. फार खालच्या, खर्जाच्या सुरांत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक ठेवता येत नाही, नाहीतर सुई उडते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटल्यासारखे येतात. सीडीला यातली एकही अडचण नाही. आवाजाच्या लहान-मोठेपणाचा पल्लाही तिचा जास्त, 96 डेसिबलच्या घरात. चांगली एलपी सत्तरच्या आसपास थांबते.

मग सीडीचं नाव बदनाम का झालं? दोष माध्यमाचा कमी, वापरणाऱ्यांचा जास्त. 1990 च्या दशकात प्रत्येक कंपनीला आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजायला हवं होतं. हळू जागा वर ओढल्या, जोरकस जागा छाटल्या, सगळं एका पातळीवर आणलं. 2008 मध्ये एका अमेरिकन हेवी मेटल बँडचा अल्बम इतका चेपून काढला गेला की तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येतात, हे चाहत्यांनीच दाखवून दिलं. एलपीसाठी पुष्कळदा वेगळी, कमी चेपलेली प्रत तयार केली जाई. ऐकणाऱ्याला फरक जाणवला तो खरा होता, फक्त त्याने श्रेय खाचेला दिलं.

2007 मध्ये तंत्रज्ञांच्या एका अमेरिकी नियतकालिकात एक चाचणी छापून आली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट ऐकवलं आणि मग तेच सीडीच्या दर्जाच्या डिजिटल रूपांतरातून काढून ऐकवलं; नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर श्रोत्यांना फरक सांगता आला नाही. तबकडीच्या दर्दी मंडळींनी ही चाचणी फारशी मनावर घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं की डिजिटलमध्ये काहीतरी हरवतंच, कानाला ते कळतंच, मोजमापाला कळो न कळो.

पण डिजिटल तबकडीत शिरलं ते सीडीच्याही आधी. जपानमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच डिजिटल यंत्रावर मुद्रित केलेल्या एलपी निघू लागल्या होत्या आणि तेव्हा 'डिजिटल' हा शब्द वेष्टणावर मोठ्या अक्षरांत, अभिमानाने छापला जाई. दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे. खाचा एकमेकींवर चढू नयेत म्हणून कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे लेथला, पुढे येणारा आवाज किती मोठा आहे, हे एक फेरा, म्हणजे 1.8 सेकंद, आधी कळावं लागतं. पूर्वी त्यासाठी टेप मशीनला दोन हेड असत: पहिलं लेथला वर्दी देई, दुसरं प्रत्यक्ष खाच कापायला आवाज पुरवी. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी हे खास मशीन बाजूला सारून मध्ये डिजिटल विलंबयंत्र बसवलं. वर्दी थेट, आणि कापायचा आवाज डिजिटलमधून उशिराने. 1980 च्या दशकातल्या कितीतरी 'अस्सल' एलपी, ज्यांच्या जुन्या प्रतींसाठी आज चढे भाव मोजले जातात, त्या या वाटेने आल्या आहेत. कोणी तक्रार केली नाही, कारण कोणाला सांगितलंच नव्हतं.

आता 2022. कॅलिफोर्नियातली एक कंपनी गाजलेल्या अल्बमांच्या फेरआवृत्त्या काढते. मूळ मास्टर टेपवरून, म्हणजे अल्बमच्या पहिल्या पक्क्या मुद्रणावरून, कापलेल्या तबकड्या ही तिची ओळख, आणि सगळ्यात वरच्या मालिकेतल्या तबकडीची किंमत शंभर डॉलरच्या पुढे. या मालिकेत नेहमीचे मधले साचे गाळतात: लॅकरवर (रोगणाचा थर दिलेल्या चकतीवर) खाच कापायची, त्यावरून धातूचा साचा काढायचा, त्याच साच्याने थेट तबकड्या छापायच्या. आवाज स्वच्छ येतो, पण एका लॅकरमधून मोजक्याच प्रती निघतात. कंपनीने 1980 च्या दशकातल्या, जगभर सर्वाधिक खपलेल्या एका पॉप अल्बमच्या 40,000 प्रती याच पद्धतीने काढायचं जाहीर केलं, तेव्हा ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने साधा हिशेब मांडला. इतक्या प्रतींसाठी ढीगभर लॅकर कापावी लागतील आणि प्रत्येक वेळी मूळ टेप चालवावी लागेल. चाळीस वर्षांची टेप इतक्यांदा कोण चालवू देईल? आधी त्याची चेष्टा झाली. मग कंपनीच्याच तंत्रज्ञांनी त्याला बोलावून, कॅमेऱ्यासमोर, मधे डिजिटल फाइल असते हे मान्य केलं. हा प्रकार 2011 पासून चालू होता.

कंपनीची अडचण खोटी नव्हती. 2008 मध्ये हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या आवारात आग लागून मूळ टेपांचा मोठा साठा जळाला होता, आणि नुकसान किती ते जगाला 2019 मध्ये कळलं. टेपांचे मालक त्या तिजोरीबाहेर सोडायला तयार नसतात. तेव्हा तंत्रज्ञांनी आपलं यंत्र तिथे न्यायचं, टेप एकदा नीट वाजवून सीडीपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची डिजिटल प्रत घ्यायची आणि पुढची सगळी कापणी तिच्यावरून करायची, हा मार्ग शहाणपणाचाच होता. जुन्या टेपची झीज वाचते. परीक्षकांनी त्याच तबकड्यांना वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं होतं.

तरी ग्राहक चिडले ते रास्तच होतं. त्यांनी आवाजाबरोबर एक हमी विकत घेतली होती: मधे संगणक नाही. जाहिरातीतली आकृती टेपपासून तबकडीपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवत होती, आणि नेमका एक टप्पा त्यात नव्हता. अकरा वर्षं तो तसाच वगळलेला राहतो तेव्हा त्याला नजरचूक म्हणणं अवघड आहे. खटला झाला, 2023 मध्ये अडीच कोटी डॉलरची तडजोड ठरली. तबकडी परत करून पूर्ण पैसे घ्या, किंवा ती ठेवून थोडीशी रक्कम. दर्दी मंडळींची मात्र दुहेरी पंचाईत झाली. कंपनी खोटं बोलली हे सिद्ध झालं, आणि मधलं डिजिटल आपल्या कानांना अकरा वर्षं कळलं नाही हेही. या दुसऱ्या गोष्टीवर फारशी चर्चा झाली नाही.

प्रकरणानंतर त्या कंपनीने कुठली तबकडी कशावरून कापली, हे नोंदवायला सुरुवात केली. इतरांवरही तसा दबाव आला.

आपल्याकडे तो अजून पोचलेला नाही. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या जुन्या एलपी मुंबईत मटन स्ट्रीटवर आणि फोर्टच्या फुटपाथवर मिळतात. त्या घासलेल्या असतील, पण निदान साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रती टेपवरून कापलेल्या आहेत एवढं काळावरूनच सांगता येतं. जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या नव्या आवृत्त्यांचं तसं नाही. वेष्टणावर तबकडीचं वजन असतं, 180 ग्रॅम, आणि मूळ मुखपृष्ठाची चकचकीत नक्कल असते. कापणी टेपवरून झाली की सीडीसाठी केलेल्या फाइलवरून, हे बहुधा छापलेलं नसतं. ती फाइल नव्वदच्या दशकात चेपलेली असेल, तर तबकडीवर येऊन ती मोकळी होत नाही. वर खरखर तेवढी मिळते. तबकड्या छापण्याचं काम 2024 मध्ये मुंबई परिसरात पुन्हा सुरू झालं आहे, त्यामुळे आयातीचा खर्च वाचेल. छापायला काय दिलं जातं, हे मात्र टेपांचा ताबा असलेल्या कंपन्याच ठरवणार.