मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातील लघुतम हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. (सु. ३,८९० सागरी मैल) भरते. ते बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती इराक-सीरियाकडून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो बराच उत्तरेला सरकतो : कराची, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन, आणि तेथून पोलंड-चेक सीमेलगत जर्मनीत.

ही वाट भूमितीत आहे, आकाशात नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतरही ते काही महिने बंद होते. अशा वेळी भारतीय विमान मुंबईहून आधी अरबी समुद्रावर पश्चिमेकडे जाते आणि मग वळते. पाकिस्तानची ही बंदी ब्रिटिश कंपन्यांना लागू नसल्याने एकाच धावपट्टीवरून, एकाच गावी निघालेल्या दोन विमानांच्या वाटा वेगळ्या होऊ शकतात. दिल्लीच्या मानाने मुंबईला हा वळसा कमी पडतो, हे तिच्या किनाऱ्याचे भाग्य.

ताशी सुमारे ९०० किमी. वेग धरला, तर हे अंतर आठ तासांचे. प्रत्यक्षात जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊ तास लागतात. मध्य अक्षांशांवर उंचावर वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे वाऱ्याचे वेगवान झोत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. जाताना ते समोरून अडवतात, येताना पाठीमागून ढकलतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. शिवाय वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. हीथ्रोवर उतरण्यासाठी रांग असली की घिरट्या घालण्यात जाणारी मिनिटेही त्यातच.

एअर इंडियाची पहिली लंडन फेरी ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून निघाली. कैरो व जिनीव्हा येथे थांबत ती १० जूनला लंडनला पोहोचली. जहाजाने सुएझमार्गे दोन-तीन आठवडे मोजणाऱ्यांना हाही चमत्कारच वाटला असणार. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर कोसळले आणि त्यातील सर्व ४८ जण दगावले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली आणि जेटयुग सुरू झाले. तरी मधले थांबे लगेच सुटले नाहीत : २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर आदळलेले, होमी भाभा ज्यात होते ते ‘कांचनजंगा’ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनीव्हा करत लंडनला निघाले होते.

घड्याळाचा हिशेब वेगळा. लंडन भारतापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास, तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास मागे असते. त्यामुळे जुलैत मुंबईहून पहाटे दोनला सुटलेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. जानेवारीत तेच साडेसहाला पोहोचते.