पुणे मोठं की पिंपरी श्रीमंत? बजेटच्या आकड्यावर जाऊ नका

बाहेरगावच्या माणसाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड एकच वाटतं, त्याचं तरी काय चुकलं म्हणा, दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की महापालिका बदलते हे रोज जाणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. (आणि हिंजवडी तर या दोन्हीत नाही, तिथे अजून ग्रामपंचायत आहे!) पण तिजोऱ्या दोन आहेत आणि त्यांची तब्येतही वेगळी आहे.

२०२५-२६ चं पुण्याचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं, पिंपरीचं ९,६७५ कोटींचं. झालं, लगेच पुणे पुढे. पण थांबा, पिंपरीचं मूळ बजेट ६,२५६ कोटींचंच आहे, बाकीचे केंद्र-राज्याच्या योजनांचे पैसे धरून ९,६७५ होतात. आता हेच माणशी काढून बघा, २०११ च्या जनगणनेत पुणे ३१ लाख आणि पिंपरी १७ लाख, म्हणजे पुण्यात माणशी साधारण ४० हजार, पिंपरीत मोठा आकडा घेतला तर ५६ हजार आणि मूळ घेतला तर ३६ हजार! आकडा कुठला उचलला त्यावर कोण जिंकलं ते ठरतं. त्यातून जनगणना जुनी, आणि पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली ती त्या ३१ लाखांत नाहीतच, त्यामुळे पुण्याचा ४० हजारही प्रत्यक्षात कमीच भरणार.

खरा फरक, किंवा खरं तर सारखेपणा, पैसा येतो कुठून यात आहे. पूर्वी टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाजच्या कारखान्यांत येणाऱ्या मालावर जकात लागायची आणि पिंपरीला लोक आशियातली सगळ्यात श्रीमंत महापालिका म्हणायचे. २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही पुढे गेला, आणि २०१७ पासून दोघींनाही त्याच्या बदल्यात राज्याकडून जीएसटीचं अनुदान मिळतं जे कायद्याने दरवर्षी ८ टक्के वाढतं. म्हणजे कारखाना दुप्पट चालला तरी पिंपरीच्या हातात वाढ ठरलेलीच, आणि पूर्वी नाक्यावर रोज पडणारा पैसा आता मुंबईहून हप्त्याने येतो.

स्वतःच्या हातातलं उरतं ते मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगी. पुण्यात त्यातही ४० टक्के सवलतीचा घोळ, स्वतः घरात राहणाऱ्यांची सवलत २०१९ ला बंद केली आणि २०२३ ला परत दिली, मग ती सवलत मागायचा पीटी-३ फॉर्म घेऊन लोक रांगेत. बांधकाम परवानगीचं तर काय, फ्लॅट खपतायत तोवर पैसा.

आणि कर्ज काढलं म्हणजे कंगाल असंही नाही बरं का. पुण्याने २०१७ ला पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटींचे बॉण्ड (कर्जरोखे) काढले, पिंपरीनेही २०२५ ला २०० कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे रोखे, काढले. कर्ज फेडायची पत दाखवणारं चांगलं रेटिंग नसलं तर कोण घेतंय हे?

तुलना करायचीच असेल तर अंदाजपत्रकात आधीच्या पूर्ण झालेल्या वर्षाची 'प्रत्यक्ष जमा' दिलेली असते, तो रकाना उघडा आणि त्या वर्षी अंदाज किती धरला होता ते शेजारी मांडा.