टिंग कुणाच्या फोनची?

ठाण्याहून वाशीला निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये कुठेतरी ‘टिंग’ होतं आणि पाच-सहा हात एकाच वेळी खिशाकडे, पर्सकडे जातात. बहुतेकांच्या फोनवर दुकानातून आणला तेव्हाचाच आवाज कायम असतो, हे त्याचं उघड कारण. मला जास्त कुतूहल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याच गर्दीत मागून कुणी ‘अहो, जरा पुढे सरका’ म्हणालं, तर मान बरोबर त्या दिशेला वळते. मग स्वतःच्या खिशातला फोन वाजला की शेजाऱ्याच्या, एवढंही का कळू नये?

आवाजाची दिशा आपण कशी ओळखतो, याची मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला थोडा उशिरा पोचतो. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, पण मेंदू तो पकडतो. एकाच कंप्रतेच्या, म्हणजे सेकंदाला ठरावीकच कंपनं असलेल्या, शुद्ध स्वरांच्या बाबतीत ही खूण साधारण १५०० हर्ट्झच्या (सेकंदाला १५०० कंपनांच्या) खालीच नीट उपयोगी पडते. ३००० हर्ट्झच्या वरच्या स्वरांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात आणि त्या फरकावरून दिशा कळते. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात मात्र दोन्ही खुणा लंगड्या पडतात. फोनच्या कितीतरी गोड, सुबक टोनचा मुख्य स्वर नेमका याच पट्ट्यात असतो. त्यात डब्याच्या पत्र्याच्या भिंतींवरून तो चहूबाजूंनी परततो, आणि सगळा डबा खिसे चाचपू लागतो.

माणसाच्या बोलण्यात अनेक कंप्रता एकाच वेळी असतात आणि शब्दांची सुरुवात खटकन होते, म्हणून त्याची दिशा चटकन लागते. टोन निवडताना हेच लक्षात ठेवावं. चिपळ्यांची खणखण, टाळाचा एक ठोका, स्टीलच्या वाटीवर चमच्याची टिचकी, असे आवाज एकसुरी ‘टूं’पेक्षा कितीतरी लवकर सापडतात.

आता ऐकू येण्याचा प्रश्न. आपली कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद असते. एका टोकाला बंद असलेल्या एवढ्या नळीत ३४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमून मोठा होतो. म्हणून २००० ते ५००० हर्ट्झच्या टापूत आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. लोकलचा खडखडाट आणि घोडबंदर रोडवरच्या ट्रकांची घरघर मुख्यतः खालच्या कंप्रतांची. खालचे मोठे आवाज स्वतःपेक्षा वरच्या स्वरांना झाकून टाकतात. उलट दिशेने हे झाकणं बरंच कमी असतं. गोंगाटात नोटिफिकेशन ऐकू येईना की बहुतेक जण आवाज शेवटपर्यंत वाढवतात. मग संध्याकाळी घरी शांततेत तोच टोन वाजला की सगळे दचकतात.

विमानाच्या कॉकपिटमध्ये हाच पेच जिवावरचा असतो. धोक्याची घंटा इंजिनच्या आवाजात बुडता कामा नये आणि वैमानिकाला गोंधळवताही कामा नये. ब्रिटनमधले संशोधक रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये यावर शिफारशी केल्या. गोंगाटात जो आवाज जेमतेम ऐकू येतो, त्याच्यापेक्षा १५ ते २५ डेसिबल वर ठेवा, त्याहून जास्त नको. आणि घंटा एकाच स्वराची न करता तिच्यात अनेक कंप्रता मिसळा, म्हणजे एखादी गोंगाटाखाली गाडली गेली तरी बाकीच्या पोचतात. खिशातल्या फोनलाही हा सल्ला तंतोतंत लागू पडतो.

फोनच्या इवल्याशा स्पीकरची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. खर्जातले स्वर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते आणि नखाएवढा पडदा ती हलवू शकत नाही. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा टोन म्हणून लावला तर हातात नुसती ‘टक’ येते. सुरेल वाद्यांचं मात्र बऱ्यापैकी निभावतं, कारण मूळ स्वर गायब असला तरी त्याच्यासोबत निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वतःच भरून काढतो.

मेंदूची करामत इथेच थांबत नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना स्वतःचा आणि दुसऱ्यांचा मेसेज टोन ऐकवून मेंदूतल्या लहरी मोजल्या. स्वतःच्या टोनला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो आणि तो फार लवकर देतो, असं दिसलं. म्हणजे ओळखीचा आवाज मोठा असण्याची गरज नाही. तो फक्त आपला असावा लागतो. या जाणिवेची किंमतही आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात, एकाग्रतेचं काम करणाऱ्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी नुसतं नोटिफिकेशन आल्यावर त्यांच्या चुका वाढल्या. ऐरोलीच्या ऑफिसात बसून कोड लिहिणाऱ्याला किंवा वाशीच्या अभ्यासिकेत बसलेल्या विद्यार्थ्याला हे स्वतःच्या अनुभवावरून पटेल.

म्हणून प्रत्येक ॲपला एकेक छान आवाज लावत सुटणं मला चुकीचं वाटतं. सोसायटीचा ग्रुप, सेलच्या जाहिराती, सकाळच्या फुलांचे फोटो, सगळेच वाजू लागले की ‘लांडगा आला रे आला’ होतं आणि शाळेतून आलेला मेसेजही दुर्लक्षित राहतो. खास आवाज तीन-चार जागांनाच द्यावेत: घरची माणसं, मुलांची शाळा, बँकेचे व्यवहार, फार तर ऑफिसातला एखादा ग्रुप. बाकीच्यांना गप्प करावं.

हे करण्याची सोय आपण वापरतो त्यापेक्षा बरीच चांगली आहे. अँड्रॉइडच्या ८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपमधल्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार करता येतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवता येतो. ॲप बनवणाऱ्याने ते प्रकार केलेले असले पाहिजेत, एवढीच अट. आलेलं नोटिफिकेशन बोटाने दाबून धरलं की त्याची सेटिंग्ज उघडतात. एकदा आपण आवाज ठरवला की ॲपला तो परस्पर बदलता येत नाही. स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज वापरायचा तर ती फाइल फोनच्या ‘नोटिफिकेशन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकावी, म्हणजे ती यादीत दिसू लागते. व्हॉट्सॲपमध्ये माणसाच्या किंवा ग्रुपच्या नावावर टॅप करून वेगळा टोन लावता येतो. आयफोनवर संपर्कात जाऊन एडिट केलं की त्या व्यक्तीच्या मेसेजसाठी टेक्स्ट टोन निवडता येतो. स्वतःचा आवाज ‘गॅरेजबँड’ या ॲपलच्या संगीताच्या ॲपमधून रिंगटोन म्हणून आणता येतो, ३० सेकंदांच्या मर्यादेत.

पण ३० सेकंद हवेत कशाला? एक-दीड सेकंद पुरे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापून टाका, आवाज पहिल्या क्षणापासून सुरू झाला पाहिजे. घरात रोज ऐकू येणारे आवाज टाळा: कुकरची शिट्टी, दारावरची बेल, स्कूटरचा हॉर्न. आवडतं गाणंही नको. चार आठवड्यांत ते गाणं मेसेजचं होऊन बसतं. सायरन किंवा बाळाचं रडणं तर चुकूनही नको, कारण आजूबाजूचे लोक त्याला खरं समजून दचकतात.

वयस्कर माणसांच्या फोनकडे मात्र वेगळं लक्ष द्यायला हवं, आणि ते आपण क्वचितच देतो. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते वरच्या कंप्रतांपासून. ‘बाबा मेसेज बघतच नाहीत’ ही घराघरातली तक्रार आहे. बाबांना ती बारीक ‘टिंग’ ऐकूच येत नसेल, हा विचार कुणाच्या मनात येत नाही. त्यांच्यासाठी ५०० ते १५०० हर्ट्झच्या आसपास भरीव अंग असलेला टोन निवडावा: लाकडी ठोका, हार्मोनियमचा मध्य सप्तकातला एखादा सूर. तो एकदाच न वाजता दोन-तीनदा थांबून थांबून वाजेल असा कापावा. नोटिफिकेशनचा आवाज आणि रिंगचा आवाज काही फोनमध्ये वेगळा असतो, तेव्हा आवाज कमी-जास्त करायच्या दोन्ही पट्ट्या तपासाव्यात. आणि निवड आपल्या कानाने करू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, पंखा आणि टीव्ही नेहमीसारखे चालू ठेवायचे, एकेक टोन वाजवायचा आणि त्यांनाच विचारायचं, आला का ऐकू?