पाचक विकरे

अन्नातील मोठे रेणू तोडून ते आतड्याच्या भिंतीतून शोषले जातील इतके लहान करणारी प्रथिने म्हणजे पाचक विकरे. ‘विकर’ हा शब्द शालेय पुस्तकांमुळे रुळला. दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात ‘एन्झाइम’च म्हणतात. पिष्टाची शर्करा, प्रथिनांची अमिनो आम्ले आणि तेल-तुपाची मेदाम्ले होतात ती यांच्यामुळे. दर वेळी पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि एक रासायनिक बंध तुटतो. विकर स्वतः खर्च होत नाही, लगेच पुढच्या रेणूकडे वळते.

ही किमया केवढी मोठी आहे, हे प्रयोगशाळेत कळते. एखाद्या प्रथिनाची अमिनो आम्लांपर्यंत फोड करायची तर ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियसला सुमारे २४ तास ठेवावे लागते. शरीर हे काम ३७ अंशांना, जेवणानंतरच्या काही तासांत उरकते. मात्र अन्नातले मांस आणि जठराची भिंत ही दोन्ही प्रथिनांचीच बनलेली. त्यामुळे अन्न पचवताना स्वतःला पचू न देणे हे शरीरापुढचे खरे कोडे आहे, आणि पचनसंस्थेची बरीचशी रचना त्याच्याच उत्तरातून समजते.

तोंडात लाळेतील अमायलेज पिष्टावर काम सुरू करते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ चावत राहिले तर तो गोडसर लागू लागतो; पिष्टाच्या लांब साखळ्या तुटून माल्टोज ही शर्करा तयार होत असते. कच्च्या पिठावर अमायलेजचा प्रभाव फार थोडा. पाणी आणि उष्णता मिळाली की पिष्टाचे कण फुगतात, मोकळे होतात आणि विकराला आत शिरता येते. म्हणजे पचनाची पहिली पायरी तव्यावरच चढली जाते. दिवसाला सुमारे १ ते १.५ लिटर लाळ सुटते. घास जठरात पोचल्यावर तेथील आम्लाने हे अमायलेज बंद पडते, पण घासाच्या गाभ्यात आम्ल मुरेपर्यंत ते चालू असते.

जठरात काय चालते याबद्दल फार काळ नुसते तर्क होते. अन्न तिथे कुजते, भरडले जाते, शिजते, असे नाना पक्ष. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायम राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पुढे कित्येक वर्षे रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. जठरातून काढलेला रस बाटलीत घेऊन शरीराच्या तापमानाला ठेवला, तरी मांस विरघळत होते. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे यातून स्पष्ट झाले. बोमाँट यांचा ग्रंथ १८३३ साली निघाला. सेंट मार्टिन त्यांच्याच घरी नोकर होता, कराराने बांधलेला आणि या प्रयोगांना कंटाळलेला. जठराबद्दलचे आपले ज्ञान त्याने सोसलेल्या त्रासावर उभे आहे, आणि बोमाँट यांच्या नावाबरोबर त्याचेही नाव घेतले गेले पाहिजे.

जठरातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये दाखवले होते. १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी जठररसातील प्रथिन फोडणारा घटक ओळखून त्याला ‘पेप्सिन’ म्हटले. पेशी ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवतात. आम्लाशी गाठ पडली की त्याचा अडवून धरणारा तुकडा गळतो आणि ते कामाला लागते. तयार करणाऱ्या पेशीत ते निरुपद्रवी असते, धार चढते ती बाहेर पडल्यावर. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट स्रावाचा, जाड थर असतो, त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट असते, आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात.

एवढे असूनही जठर हे पचनाचे मुख्य ठिकाण नव्हे. ‘पोटात अन्न पचते’ असे म्हणताना आपण हात जठरावर ठेवतो, पण पचनाचा मोठा भाग त्याच्या पुढे घडतो. १८९७ मध्ये झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी कर्करोग झालेल्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि त्यानंतरही ती वर्षाहून अधिक काळ जगली. आज अशी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण थोडेथोडे, अनेकदा जेवून आणि ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेऊन वर्षानुवर्षे जगतात.

लहान आतड्याचा पहिला, सुमारे २५ सेंमी. लांबीचा भाग म्हणजे ग्रहणी. येथे स्वादुपिंडाचा रस आणि यकृताकडून पित्त येऊन मिळते. स्वादुपिंडाच्या रसातले बायकार्बोनेट आधी आम्ल मारते, कारण इथली विकरे आम्लात टिकत नाहीत. आम्ल ग्रहणीत आल्याची वर्दी स्वादुपिंडाला कशी मिळते? रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या मते मज्जातंतूंमार्फत. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या नसा तोडून तिथे आम्ल सोडले, तरी स्वादुपिंडाला रस सुटला. निरोप रक्तातून जात होता. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि ‘हॉर्मोन’ ही कल्पना इथूनच पुढे आली.

स्वादुपिंडाच्या रसात अमायलेज, मेद फोडणारे लायपेज आणि प्रथिने फोडणारी अनेक विकरे असतात. त्यांतले ट्रिप्सिन सर्वांत जोखमीचे. ते ट्रिप्सिनोजेन या कुलूपबंद रूपात येते. त्याची किल्ली, एंटेरोकायनेज हे विकर, फक्त आतड्याच्या भिंतीवर असते. एकदा थोडे ट्रिप्सिन मोकळे झाले की ते उरलेल्यांची कुलपे उघडते. पित्तखडा अडकल्याने किंवा दारूच्या अतिसेवनाने हा क्रम बिघडला आणि कुलूप स्वादुपिंडातच उघडले, तर ग्रंथी स्वतःला पचवू लागते. हाच तीव्र स्वादुपिंडदाह. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी असह्य कळ आली तर घरी ओवा-सोडा घेत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

पित्तात अन्न पचवणारे विकर नसते, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. तुपकट भांड्यावर साबण जे करतो तेच पित्तक्षार करतात: वरणभातावरच्या तुपाचे सूक्ष्म थेंब करून देतात, म्हणजे लायपेजला काम करायला पुरेसा पृष्ठभाग मिळतो.

शेवटची फोड आतड्याच्या अस्तरावरच होते. माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही विकरे तिथल्या पेशींच्या पृष्ठावर रोवलेली असतात. दुधातली शर्करा फोडणारे लॅक्टेज जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये बालपणानंतर घटते. अशांना पेलाभर दूध बाधते, पण दही सहसा चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी थोडी लॅक्टोज आधीच संपवलेली असते आणि त्यांचे स्वतःचे विकरही मदतीला येते.

काही बंध फोडायला मानवी विकरच नाही. कोंड्यातले सेल्युलोज हे एक. वाल, हरभरा, चवळी यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा दुसऱ्या. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट गुबारते. वाल भिजवून, मोड आणून मग बिरडे करण्याची रीत इथे कामी येते: अंकुरणारे बी आपल्या वाढीसाठी याच शर्करा स्वतःच्या विकराने फोडून वापरते.

जेवण जड झाले की पाचक सिरप घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. निरोगी माणसाला त्याची गरज क्वचितच असते. स्वादुपिंडाची स्रवण्याची क्षमता सुमारे ९० टक्के घटेपर्यंत मेदाच्या पचनात ठळक बिघाड दिसत नाही, इतकी विकरे गरजेपेक्षा जास्त सुटत असतात. ज्यांची ही क्षमता खरोखर गेली आहे त्यांचा मल तेलकट, दुर्गंधीयुक्त होतो आणि वजन उतरते. त्यांना डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या विकरांच्या कॅप्सूल देतात. आतल्या बारीक गोळ्यांना आम्लात न विरघळणारे आवरण असते, नाहीतर लायपेज जठरातच नष्ट होईल. या कॅप्सूल जेवतानाच, पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या असतात. उपाशीपोटी घेतल्या तर विकरे ग्रहणीत पोचतात, पण फोडायला तिथे अन्न नसते.