पांढऱ्या गाळाची डबी उघडण्याआधी

आमच्या संचातल्या या डबीत समुद्रतळाचा गाळ असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सूक्ष्म जीवांची कवचं पाहता येतात. तरी “गाळात कवचं दिसतच नाहीत, डबी बदलून द्या” असे फोन आम्हाला वरचेवर येतात. विचारपूस केली की बहुतेकदा एकच गोष्ट कळते: गाळ मळकट वाटला म्हणून तो व्हिनेगरने धुतलेला असतो. कृपया असं करू नका. सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा, गाळ आम्लाने साफ करतात हे खरं, पण ही कवचं कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्याच जातीची आहेत. आम्ल पडलं की बारीक बुडबुडे येतात आणि नमुना डोळ्यांदेखत विरघळतो.

समुद्रातही हेच होतं, पण सावकाश. कोकोलिथ म्हणजे एकपेशीय शैवालाच्या अंगावरची चकती, जेमतेम काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकटी बुडू लागली तर तळ गाठायला वर्षानुवर्षं लागतील, आणि वाटेतच ती विरून जायची. पण कोपेपॉड हे इवले जीव ते शैवाल खातात आणि त्यांच्या विष्ठेच्या घट्ट गोळ्यांतून ढीगभर चकत्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली पोचतात. खोल पाणी थंड असतं, तिथे दाबही जास्त आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही. साधारण ४,५०० मीटरच्या खाली (प्रत्येक महासागरात ही खोली थोडी वेगळी) कवचं साचण्याआधीच विरतात. तिथे लाल चिकणमाती मिळते, नाहीतर रेडिओलेरिया आणि डायटम या सूक्ष्म जीवांचा सिलिकाचा गाळ. म्हणून लाल मातीच्या डबीत फोरॅमिनिफेरा (कॅल्शियम कार्बोनेटचं कवच असलेले एकपेशीय जीव) नसणं हा दोष नव्हे. म्हणूनच आम्ही प्रत्येक डबीवर खोली लिहितो.

गाळ धुऊन का देत नाही, असंही विचारतात. धुताना कोकोलिथ पाण्याबरोबर निघून जातात. हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर साचणारा हा गाळ. त्यातला निम्मा ऐवज आधीच वाहून गेलेला आम्हाला विकायचा नाही.

चिमूटभर गाळ नळाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. डिस्टिल्ड वॉटर नको, तेही हवेमुळे किंचित आम्लधर्मी होतं. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धरा. खालचं दुधाळ पाणी टाकू नका, कोकोलिथ त्यातच आहेत. संचातल्या दोन पोलरायझर फिल्टरमधून १००० पट मोठं करून पाहिलं तर प्रत्येक चकतीवर काळी फुली उमटते. चाळणीवर उरतील ती फोरॅमिनिफेराची कवचं. त्यांतली ग्लोबिजेरिना चटकन ओळखू येते: फुगीर कप्पे, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने ती अलगद उचलता येते.

व्हिनेगर आधीच पडलं असेल तर उरलेलं फेकू नका. नीट धुऊन ४०० पटीखाली पाहा. मूळ गाळात सिलिकाची कवचं असतील तर ती शाबूत सापडतील.